कोठून कोठपर्यंत?

प्रायश्चित्तकाळातल्या एका रविवारी आमचा पुतण्या मिस्सा आटोपून दादरहून परळला आमच्याकडे जेवायला आला. जेवण अर्ध्यावर आले असताना त्याने ताटाकडे पाहतच एक आकडा सांगितला: ४ मिनिटे १७ सेकंद. हा आकडा कशाचा, हे आम्ही विचारण्याआधीच तो म्हणाला, "काका, यावर मला सही करायची आहे. आकडा खरा आहे, तरी हात पुढे होत नाही." खोट्या कागदावर सही करताना हात कचरतो हे आम्ही ऐकले होते, क्वचित अनुभवलेही होते. खऱ्या आकड्यापुढे हात थबकावा, हे आम्हांला नवे होते. त्या दुपारी जे बोलणे झाले आणि नंतर आमच्या मनात जे चालू राहिले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

पुतण्या लोअर परळला एका उंच इमारतीच्या सातव्या मजल्यावर काम करतो. इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी गिरणी होती. त्याच्या कार्यालयात रोज सकाळी पुरवठादारांची बिले संगणकावर येतात. ती वाचून त्यांतली रक्कम, तारीख, कराचा आकडा हे सारे हिशेबाच्या प्रणालीत एकेका चौकटीत भरण्याचे काम दोन भगिनी करीत. साडेनऊला बसत आणि १ वाजून २० मिनिटांनी उठत. आता पुतण्याने एक आज्ञावली लिहिली आहे. ती स्वतःच टपाल उघडते, बिल वाचते आणि त्याच प्रणालीच्या त्याच चौकटींत, त्याच क्रमाने, जणू अदृश्य बोटांनी आकडे भरत जाते. कार्यालयात तिला 'बॉट' म्हणतात. ही आज्ञावली किती वेळात काम उरकते ते मोजून एक तक्ता भरून द्यावा, असे त्याला सांगण्यात आले. तक्त्यात तीन रकाने: जुना वेळ, नवा वेळ, वाचलेला वेळ. दोघी भगिनी कंत्राटावर आहेत. कंत्राट महिनाअखेरीस संपते. ते पुढे चालवायचे की नाही, हे त्या तिसऱ्या रकान्यावरून ठरणार आहे.

आम्ही त्याला एवढेच विचारले, "४ मिनिटे १७ सेकंद, पण कोठून कोठपर्यंत?"

तो हसला. त्याला अडचण ठाऊक होतीच.

त्याने मोजणी कशी केली ते आम्ही खोदून विचारले, कारण आमचा जन्म हिशेबात गेला आणि आकड्याची उगमापासून चौकशी करण्याची खोड काही जात नाही. मोजणी त्याने रात्री केली, कारण तेव्हा कार्यालयाच्या जाळ्यावर भार नसतो. बिले आदल्या दिवशीची, आधीच नीट लावून ठेवलेली घेतली. दहा फेऱ्या चालवल्या. सात पूर्ण झाल्या, तीन अडकल्या. एकदा मध्येच कसलीशी सूचना पडद्यावर उगवली आणि बॉट तिच्यापुढे मुकाट उभा राहिला. दोनदा हिशेबाची प्रणालीच उशिरा उघडली. अडकलेल्या फेऱ्या त्याने वगळल्या, कारण त्यांना शेवटच नव्हता आणि ज्याला शेवट नाही त्याचा वेळ काय लिहायचा? उरलेल्या सात फेऱ्या कालावधीच्या क्रमाने मांडल्या आणि मधली घेतली. ती ४ मिनिटे १७ सेकंदांची निघाली.

त्यातही एक गंमत झाली. ही मधली फेरी रात्री ११ वाजून ५८ मिनिटांनी सुरू झाली होती आणि मध्यरात्र उलटून २ मिनिटे १७ सेकंदांनी संपली. वेळ मोजायला त्याने जी सोय वापरली होती, ती मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले एवढेच सांगते आणि दर मध्यरात्री पुन्हा शून्यावर येते. सुरुवातीचा आकडा होता ८६,२८०, शेवटचा १३७. वजाबाकी करून संगणकाने शांतपणे उत्तर दिले: उणे ८६,१४३ सेकंद. म्हणजे काम सुरू होण्याच्या जवळजवळ एक दिवस आधीच संपले होते! अखेर पुतण्याने नोंद केली ती भिंतीवरच्या घड्याळावरून. हे ऐकून आम्हांला हसू आले, पण लगेच वाटले की हा दोष निदान प्रामाणिक आहे. उणे आकडा स्वतःच ओरडून सांगतो की मी चुकलो आहे. जे आकडे अंगावर काही खूण बाळगत नाहीत, ते अधिक घातक.

पुढे त्याने जे सांगितले ते आम्हांला महत्त्वाचे वाटते. ४ मिनिटे १७ सेकंद म्हणजे २५७ सेकंद. त्यांतले ११० सेकंद बॉट काहीही करीत नाही. जुन्या प्रणालीची एक चौकट मिटून दुसरी उघडायला वेळ लागतो. तेवढ्यात बोटे पुढे गेली तर तारीख रकमेच्या जागी पडते. म्हणून पुतण्याने बावीस ठिकाणी "५ सेकंद थांब" अशी आज्ञा घातली आहे. तेव्हा यंत्राचे थांबणे हे कामाचाच भाग म्हणून २५७ मध्ये धरले गेले आहे, आणि ते रास्तच आहे.

आता माणसांकडे पाहू. त्या दोघींपैकी एक भगिनी हल्ली सव्वाआठलाच कार्यालयात येते. आलेल्या बिलांपैकी काही तिरकी छापलेली असतात, काहींवर नेमक्या रकमेवरच शिक्का बसलेला असतो. ती बिले सरळ करणे, बॉटला उमगतील अशी नावे त्यांना देणे, यात तिची ४५ मिनिटे जातात. मग बॉट चालतो. मग ती मूळ बिले आणि भरलेले आकडे जुळवून पाहते, कारण बॉटने एकदा ३ चा ८ वाचला होता आणि माणूस चुकताना जसा क्षणभर घुटमळतो तसा तो घुटमळला नव्हता. या जुळवणीला ५० मिनिटे. हे दोन्ही वेळ तक्त्यात कुठेही नाहीत. उलट 'जुना वेळ' या रकान्यात जे ३ तास ५० मिनिटे लिहिले आहेत, त्यांत चहा आहे, दूरध्वनी आहेत, कोणी येऊन विचारलेली शंका आहे, चूक सापडल्यावर केलेली दुरुस्ती आहे. थोडक्यात, माणसांचा वेळ दारापासून दारापर्यंत मोजला आणि यंत्राचा वेळ पहिल्या कळीपासून शेवटच्या कळीपर्यंत. मग एकातून दुसरा वजा केला.

संगणकशास्त्राच्या जाणत्यांनी ही अडचण स्वतःपुरती केव्हाच ओळखली आहे. युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीत १९७० च्या दशकापासून वेळ मोजण्याची एक छोटी आज्ञा आहे. तिला विचारले की अमुक कामाला किती वेळ लागला, तर ती एक नव्हे, तीन उत्तरे देते: भिंतीवरच्या घड्याळाने किती वेळ गेला, त्यांपैकी संगणकाचा मेंदू प्रत्यक्ष त्या कामात किती वेळ गुंतला होता, आणि त्या कामासाठी प्रणालीला स्वतःची व्यवस्था पाहण्यात किती वेळ घालवावा लागला. पहिल्यातून उरलेली दोन वजा केली की बहुधा ताटकळणे हाती लागते. हेच काम लागोपाठ दोनदा केले तर दुसरी फेरी अनेकदा झटपट होते, कारण लागणारी सामग्री स्मृतीत तयार असते. म्हणून कोणती फेरी धरली हेही सांगावे लागते. यंत्राच्या वेळेविषयी इतका काटेकोरपणा आणि यंत्रामागे बसणाऱ्या व्यक्तीच्या वेळेविषयी एक रकानाही नसावा, याला काय म्हणावे?

हा प्रश्न या भागाला नवा नाही. आम्ही जिथे राहतो त्या परळ-लालबागच्या मातीत तो शंभर वर्षांहून अधिक काळ रुजलेला आहे. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला स्थापली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्या वाढल्या, पण कामाच्या दिवसाला टोके नव्हती. दिवस उगवण्याआधी आत जायचे आणि दिसेनासे झाले की बाहेर यायचे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. या मागण्या आज वाचताना जाणवते की त्या जवळजवळ साऱ्या घड्याळाच्या आणि पंचांगाच्या आहेत. कोठून कोठपर्यंत, हेच लोखंडे विचारीत होते. रविवारची सुटी मिळाली ती १८९० च्या जूनमध्ये. तेव्हा मोजमाप हे केवळ मालकांचे हत्यार होते असे जे सरधोपट बोलले जाते, ते आम्हांला मान्य नाही. मोजमाप कामगारांनीही मागितले. भांडण मोजण्याशी नव्हते, टोके कोणी ठरवायची याविषयी होते.

(घड्याळाच्या टोकांविषयी या शहराचा हट्ट तर प्रसिद्धच आहे. १९०६ च्या जानेवारीत देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. महापालिकेने स्वतःची 'मुंबई वेळ' पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. गिरणीत ३९ मिनिटे आधी जावे लागणार म्हणून काही कामगारांनीही त्या वेळी विरोध केला होता. ती ३९ मिनिटे झोपेतून जाणार होती. साहेबाच्या लेखी मात्र केवळ काटा सरकणार होता.)

१९२८ साली प्रश्न अधिक बारीक झाला. त्या काळी रॅशनलायझेशन हा शब्द गिरण्यांत आला: सूतकताईच्या खात्यात एका माणसाने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, साळखात्यात दोन साच्यांऐवजी तीन. हिशेब असा की साचा आपोआप चालतो, धोटा आपोआप इकडून तिकडे धावतो. विणकर धागा तुटला तरच हात लावतो. एरवी तो नुसता उभा असतो. तेव्हा त्या उभे राहण्यात आणखी एक साचा बसतो. साच्याचा वेळ मोजला होता. तुटण्याच्या भीतीने डोळा ज्या तीन ठिकाणी लावून ठेवावा लागतो, त्या डोळ्याचा वेळ मोजला नव्हता. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. नंतर फॉसेट समितीने या प्रश्नांची चौकशी केली. आमच्या आजोबांनी तो संप पाहिला होता. ते सांगत, "नुसता उभा असतो म्हणणाऱ्याने एकदा येऊन नुसते उभे राहून दाखवावे."

आमचे वडीलही साळखात्यातच होते. त्यांना उतारवयात ऐकू येत नसे. साळखात्यातल्या गोंगाटात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून विणकर एकमेकांच्या ओठांवरून बोलणे ओळखत. वडील घरीही आईच्या ओठांकडे पाहून उत्तर द्यायचे. हे आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण जुने ते सारे सोने, असे आम्हांला म्हणायचे नाही. ते साचे बंद पडले याचे दुःख आम्हांला कामगारांसाठी आहे, साच्यांसाठी नाही. १८ जानेवारी १९८२ पासून जो संप सुरू झाला आणि ज्याची समाप्ती कधी कोणी रीतसर जाहीर केली नाही, त्यात आमच्या घराने जे भोगले ते या परिसरातल्या हजारो घरांनी भोगले. त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

आम्ही स्वतः फोर्टमधल्या एका बँकेत खातेवह्या लिहीत होतो. १९८० च्या दशकात संघटनांशी करार होऊन बँकांत यंत्रे आली. आमच्या शाखेतही नोंदींचे यंत्र आले. ते येण्याआधी एक गृहस्थ हातात थांबघड्याळ घेऊन आमच्या खुर्चीमागे तीन दिवस उभे होते. एका नोंदीला किती सेकंद लागतात ते त्यांनी टिपले. संध्याकाळी पाच-दहा पैशांचा फरक शोधत आम्ही सहाजण बसत असू, तेव्हा मात्र ते गृहस्थ घरी गेलेले असत. यंत्र आल्यावर नोंदी भराभर होऊ लागल्या. व्याजाची आकडेमोड आमच्या मानेवरून उतरली, याबद्दल आम्ही यंत्राचे ऋणी आहोत. पण फरक सापडण्याचा तो वेळ नाहीसा झाला नाही. फक्त तो आता एका तरुण लिपिकाच्या वाट्याला आला, कारण यंत्राची चावी त्याच्याकडे होती. त्याच्या त्या संध्याकाळी कोणत्या अहवालात आल्या?

अहमदाबादची एक हकिकत या संदर्भात आम्हांला नेहमी आठवते. कॅलिको मिलमध्ये १९५२ साली स्वयंचलित माग बसवण्यात आले. २२४ माग, २९ कामगार. प्रत्येक कामाचा वेळ शास्त्रशुद्ध मोजून त्यावरून माणसे वाटली होती: कोणी धागा जोडायचा, कोणी कांड्या भरायच्या, कोणी तेल घालायचे. माग नवे, मोजणी चोख, आणि तरी उत्पादन अपेक्षेइतके होईना, खराब कापडही कमी होईना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. त्यांनी सुचवले की एकेका माणसाला एकेक काम देण्याऐवजी एका गटाला मागांचा एक समूह सोपवावा. कामगारांनी ही कल्पना उचलली आणि आपले गट आपणच जुळवले. पुढे कापड वाढले, खराबी घटली. राइस यांचे पुस्तक समाजशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. आम्हांला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की तिथे एकही सेकंद खोटा मोजलेला नव्हता. प्रत्येक आकडा खरा होता. दोन कामांच्या मधली जागा तेवढी कोणी मोजली नव्हती, आणि कापड अडत होते ते तिथेच.

आता पुतण्याच्या हाताकडे येऊ. आकडा खरा असून हात का थबकतो?

नीतिशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत याला एक नाव आहे. सतराव्या शतकात काही पंडितांनी असा मार्ग काढला होता की माणसाने तोंडाने एक वाक्य बोलावे आणि त्याचा उरलेला भाग मनातल्या मनात राखून ठेवावा. दोन्ही मिळून वाक्य खरे झाले की खोटे बोलल्याचा दोष लागत नाही. एखाद्याने विचारले, "तू ते केलेस का?" तर म्हणावे, "नाही," आणि मनात जोडावे, "आज नाही." अकरावे पोप इनोसंट यांनी १६७९ मध्ये या मताचा निषेध केला. ऐकणाऱ्याला जे कळूच शकत नाही अशा मनातल्या पुरवणीने वाक्य खरे ठरत नाही, हे त्यामागचे तत्त्व. आम्ही पुतण्याला म्हणालो, "तुझ्या तक्त्यात लिहिले आहे '४ मिनिटे १७ सेकंद'. आणि मनात राखून ठेवले आहे: रात्री, जाळे मोकळे असताना, बिले कोणीतरी आधी सरळ करून दिली असताना, दहांपैकी सात वेळा, आणि नंतर कोणीतरी तपासणार हे गृहीत धरून. हे सारे जोडले की आकडा खरा. पण तक्ता वाचणाऱ्याला यांतले काय दिसते?"

पुतण्या गप्प राहिला नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही. तो म्हणाला, "काका, तुमचे ऐकले तर कोणालाच काही मोजता येणार नाही. प्रत्येक आकड्यामागे शंभर अटी असतात. तुम्ही आंब्याचा भाव विचारता तेव्हा बागवानाच्या झोपेचा हिशेब मागता का? आणि ती भगिनी स्वतः म्हणते की दिवसाला तीनशे बिले टंकण्यापेक्षा हे बरे. तिचे मनगट दुखायचे थांबले आहे. वेळ वाचतो हे खोटे नाही."

त्याचे म्हणणे वजनदार आहे आणि आम्ही ते तसे मान्य केले. वेळ वाचतोच. ४५ मिनिटे, ४ मिनिटे आणि ५० मिनिटे मिळून साधारण १ तास ४० मिनिटे होतात. ३ तास ५० मिनिटांच्या मानाने ही लहान बचत नव्हे. अटी शंभर असतात हेही खरे. पण त्या शंभरांपैकी कोणत्या लिहायच्या, याला एक साधी कसोटी आम्हांला सुचते: ज्या निर्णयासाठी आकडा मागितला आहे, तो निर्णय ज्या अटीमुळे बदलेल ती अट लिहिलीच पाहिजे. संगणक नवा घ्यावा की नाही, एवढेच ठरवायचे असते तर २५७ सेकंद पुरेसे होते. त्यात कोणाची फसवणूक नव्हती. दोघींची गरज आहे की नाही हे ठरवायचे असेल, तर त्याच २५७ सेकंदांत फसवणूक आहे, कारण त्या आकड्याप्रमाणे दोघींचीही गरज नाही आणि प्रत्यक्षात एकीवाचून बॉट सकाळी उघडणारही नाही. आंब्याच्या भावाने बागवानाची नोकरी जात नाही.

दुसऱ्या जॉन पॉल यांचे मानवी श्रमावरचे परिपत्र १४ सप्टेंबर १९८१ रोजी निघाले. गिरण्यांचा संप त्यानंतर चार महिन्यांनी सुरू झाला. (ते त्या वर्षीच्या मे महिन्यात निघायचे होते, पण त्यांच्यावर झालेल्या गोळीबारामुळे लांबले.) त्यात श्रमाच्या दोन बाजू वेगळ्या केल्या आहेत: एक, जे काम होते ते, त्याची साधने आणि तंत्रे, दुसरी, जो काम करतो तो. पहिली बाजू मोजता येते आणि मोजावी. गोंधळ होतो तो पहिलीचा आकडा घेऊन दुसरीचा निकाल लावताना. परळच्या रहिवाशांना यासाठी परिपत्र वाचण्याची गरज नव्हती हे खरे. तरी वाचलेले बरे.

त्या दुपारी बोलता बोलता आम्हांला बदली कामगार आठवले. गिरणीत कायम कामगाराचा खाडा झाला की त्याच्या जागी घ्यायला बदली असत. १९३५ पासून त्यांना कार्डे देण्याची पद्धत आली, पण मूळ गोष्ट बदलली नाही: पाळीच्या वेळी फाटकाशी येऊन उभे राहायचे, नाव पुकारले तर आत, नाही तर परत. आत गेलेल्याला दिवसाची मजुरी. परत गेलेल्याला त्या उभे राहण्याचे काही नाही. आमचे थोरले मामा असे कित्येक महिने उभे राहिले. आई म्हणे, "आज मिळाली का?" आणि मामा मान हलवीत. त्या वेळी आम्ही लहान होतो आणि आम्हांला वाटे, मामा काही काम करीत नाहीत.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातही शेवटच्या तासाला आलेले मजूर असेच असतात. धनी त्यांना विचारतो की दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात, आणि ते सांगतात की आम्हांला कोणी कामाला लावले नाही. पुढे सर्वांना सारखीच मजुरी मिळते आणि पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. या दाखल्यावर आम्ही अनेक प्रवचने ऐकली आहेत. बहुतेकांत धन्याच्या औदार्याची थोरवी सांगितली जाते, आणि ती आहेच. परंतु गिरणगावात वाढलेल्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कुरकुरणाऱ्यांचे घड्याळ मळ्याच्या दारापासून सुरू होते. त्यांच्या हिशेबाने शेवटच्यांनी एकच तास काम केले आणि हा हिशेब अचूक आहे. धन्याने मात्र बाजारात उभे राहण्याविषयी विचारणा केली होती. तो दिवसभराचा वेळ त्याला ठाऊक होता. शास्त्रवेत्ते या अर्थाला मान्यता देतील की नाही आम्हांला सांगता येत नाही. आमच्या मामांना तो पटला असता.

पुतण्याने अखेर तक्ता दुरुस्त केला. 'नवा वेळ' या रकान्यात त्याने दोन ओळी लिहिल्या. पहिली: बॉट चालण्याचा वेळ ४ मिनिटे १७ सेकंद, दहांपैकी सात पूर्ण फेऱ्यांमधली मधली फेरी. दुसरी: बिल येण्यापासून तपासून हातावेगळे होण्यापर्यंत १ तास ४० मिनिटे, यासाठी एक व्यक्ती सव्वाआठपासून आवश्यक. त्याखाली सही केली. तीन फेऱ्या अडकल्याचे कारणही जोडले.

तो तक्ता मंगळवारी परत आला. वरिष्ठ रागावलेले नव्हते. त्यांनी एवढेच लिहिले होते की या रकान्यात एकच संख्या मावते, पुढच्या यादीत दोन ओळी घेता येत नाहीत, तरी कृपया एक निवडून शुक्रवारपर्यंत पाठवावी. पुतण्याने रात्री आम्हांला दूरध्वनी केला. आम्ही दुसरी लिहायला सांगितली. तो म्हणाला, "पण काका, ती बॉटची वेळ नाही ना, तक्त्यावर शीर्षक 'बॉटची वेळ' असे आहे." मग थोडे थांबून म्हणाला की शीर्षक बदलण्याची परवानगी कोणाकडे मागायची, ते तो उद्या सकाळी सव्वाआठला जाऊन त्या भगिनीलाच विचारणार आहे, असले अर्ज कोठे जातात ते तिला माहीत असते.